गावची शिरगणती आणि गावची वाट
(केंद्र पातळीवरील शिक्षण परिषदेतील भाषण)



आपल्या शाळेच्या दर्शनी भिंतीवर गावाची माहिती रंगविलेली असते. लोकसंख्या इतकी, तालुक्याचे ठिकाण इतके दूर, जवळचे रेल्वे स्थानक अमुक. त्यांतील लोकसंख्येचा आकडा बहुधा 2011 चा असतो. 2021 ची जनगणना कोविडच्या साथीमुळे लांबली. तिच्यासाठी आता 1 मार्च 2027 ही संदर्भतिथी ठरविण्यात आली आहे. प्रगणकाचे काम आपल्यापैकी पुष्कळांच्या वाट्यास येते, म्हणून या आकड्याविषयीच बोलावयाचे योजिले आहे.

शिरगणतीचा आणि रस्त्याचा संबंध फार निकटचा आहे. डिसेंबर 2000 मध्ये प्रधानमंत्री ग्रामसडक योजना सुरू झाली, तेव्हा सपाट प्रदेशातील 500 लोकसंख्येची वस्ती बारमाही रस्त्याने जोडावी असे ठरले. त्यासाठी 2001 ची गणना प्रमाण मानली गेली, आणि 2024 मध्ये मंजूर झालेल्या चौथ्या टप्प्यास 2011 ची. पाच-दहा माणसे कमी भरली, तर वस्ती त्या यादीबाहेर राहते.

आता ही माणसे कमी कशी भरतात ते पाहा. 2011 साली प्रत्यक्ष गणना 9 ते 28 फेब्रुवारी या दिवसांत झाली. जो त्या संपूर्ण अवधीत घरी नव्हता, त्याची नोंद तो जेथे आढळेल तेथे करावयाची, असा नियम होता. नियम रास्तच आहे. एरवी एकच माणूस दोन ठिकाणी मोजला जाईल. परंतु कन्नड-पैठणकडील तांड्यांवरून कितीतरी कुटुंबे दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीस जातात, ती उन्हाळ्याच्या तोंडी परततात. फेब्रुवारीत त्यांच्या दारांना कुलपे असतात. कोयता जेथे, तेथे त्यांचे शिर मोजले जाते. बारमाही रस्त्याची खरी निकड पावसाळ्यात, आणि तेव्हा ही सारी माणसे तांड्यावरच असतात. पुढील गणनेची संदर्भतिथीही 1 मार्चच आहे, हे ध्यानी घ्यावे.

प्रगणकाने नियम वाकवू नये. मात्र शिक्षक म्हणून आपण मुलांचे घरोघर सर्वेक्षण करतोच. ते वस्तीवार लिहावे. कोणते कुटुंब कोणत्या महिन्यात गेले व केव्हा परतले, तेही टिपावे. त्याची एक प्रत ग्रामपंचायतीस दिली, म्हणजे ग्रामसभेला रस्त्याची मागणी करताना हाताशी काही राहते. परस्परांपासून 500 मीटरांच्या आतील वस्त्यांची लोकसंख्या एकत्र धरण्याची मुभा त्या योजनेत आहे. पण कोणत्या वस्त्या इतक्या जवळ आहेत, हे दाखविणारा नकाशा गावात कोणी काढलेला असतो काय?

राहिली दळणवळणाची ओळ. मनमाड-हैदराबाद लोहमार्ग 1900 च्या सुमारास झाला, आणि लासूर स्टेशनसारखी बाजारपेठ रुळांच्या आधाराने वाढली. गाडी तेथे थांबते, म्हणून ते घडले. समृद्धी महामार्गही वैजापूर व गंगापूर तालुक्यांतून जातो. परंतु त्यावर ठरलेल्या ठिकाणींच चढता येते. शिवारातून महामार्ग गेला म्हणून गावाला रस्ता झाला, असे भिंतीवर लिहू नये.

मुलांच्या दृष्टीने अंतर निराळेच असते. शिक्षणहक्क कायद्याखालील राज्याच्या नियमांत प्राथमिक शाळेसाठी 1 किलोमीटर आणि 6 वी ते 8 वीसाठी 3 किलोमीटर अंतर धरलेले आहे. त्या किलोमीटरात ओढा असेल तर? ग्रामीण भागातील 5 वी ते 12 वीच्या मुलींना एस.टी.चा मोफत पास मिळतो, ही मोठीच सोय होय. तथापि गाडी फाट्यावरच थांबत असेल आणि संध्याकाळची फेरी शाळा सुटण्यापूर्वी निघून जात असेल, तर तो पास दप्तरातच राहतो.

म्हणून पुढील परिषदेस प्रत्येकाने आपल्या गावाचा हातानेच काढलेला एक नकाशा आणावा. त्यात सर्व वस्त्या, तांडे, ओढे आणि फाटा असावा. प्रत्येक वस्तीतील मुलांची संख्या लिहावी. आणि फाट्यापासून तेथवर सात वर्षांच्या मुलाच्या चालीने किती मिनिटे लागतात ते चालून पाहून नोंदवावे, एकदा कोरड्या दिवसांत व एकदा श्रावणात.