मोटारीचा श्वास

मोटार पेट्रोलवर चालते, असे सर्वत्र म्हटले जाते. परंतु ते अर्धेच सत्य होय. वजनाने एक भाग पेट्रोल पूर्णपणे जळावयास सुमारे १४.७ भाग हवा लागते. एका लिटर पेट्रोलचा हिशेब मांडला, तर एंजिनाने नऊ हजार लिटरांहून अधिक हवा आत ओढलेली आढळेल. पेट्रोलची पै न् पै मोजणारा मालक या फुकटच्या हवेचा विचार सहसा करीत नाही. एकदा करू लागला, म्हणजे मात्र हाती पाना घेऊन हवेची वाटच बदलावी, असा मोह त्याला होतो.

हा मोह कोठवर पुरवावा, याची परीक्षा पाहण्यास पनवेल हे फार योग्य ठिकाण आहे. १८३० साली सर जॉन माल्कम मुंबईचे गव्हर्नर असताना बोरघाटातील गाडीरस्ता खुला झाला. मुंबईहून होडीने पनवेल बंदरात उतरावे आणि तेथून खुष्कीने पुण्यास जावे, असा तेव्हाचा क्रम असे. आजचा द्रुतगती मार्गही पनवेलजवळच्या कळंबोलीपासूनच सुरू होतो. समुद्रसपाटीलगतच्या या गावातून निघालेली मोटार थोड्याच वेळात लोणावळ्यास, सुमारे ६०० मीटर उंचीवर पोचते. तेथील हवा पाच-सहा टक्क्यांनी विरळ असते. चढामुळे आणि विरळ हवेमुळे एंजिन दमते. मालक मात्र सारा दोष हवेच्या नळीस देतो.

त्याचा पहिला उपाय म्हणजे थंड हवा मिळविणे. बाहेरची हवा ३० अंशांवर आणि टपाखालची ६० अंशांवर असेल, तर तापलेली हवा सुमारे नऊ टक्के विरळ होते. तेव्हा थंड हवा घ्यावी, हे गणित खोटे नव्हे. चूक होते ती पुढे. नळीचे तोंड खाली, पुढच्या बंपराआड आणले जाते; तेथे हवा थंड असते खरी, पण पावसाळ्यात तेथेच पाणीही असते.

२६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि मुंबईसह रायगड जिल्ह्यातही हाहाकार उडाला. तसा प्रलय रोज येत नाही. पण गुडघाभर पाणी साचावयास कोकणातील एखादी रात्र पुरते. हवा दाबली असता आकसते, पाणी आकसत नाही. १२०० घनसेंटिमीटरच्या चार सिलिंडरांच्या एंजिनात, दाबाचे प्रमाण दहास एक असेल, तर दट्ट्या वर आल्यावर त्याच्या माथ्यावर अवघी ३३ घनसेंटिमीटर जागा उरते. तेवढे पाणी, म्हणजे पुरती पाव वाटीही नव्हे, आत शिरले की दट्ट्या अडतो आणि त्याचा पोलादी दांडा वाकतो. नऊ टक्के हवेच्या लोभाने सारे एंजिनच पणास लागते.

दुसरा उपाय कागदी गाळणीच्या जागी उघडी, तेल लावलेली गाळणी बसविण्याचा. अमेरिकेतील ओक रिज राष्ट्रीय प्रयोगशाळेने २००९ साली आधुनिक मोटारींच्या गाळण्या मुद्दाम तुंबवून पाहिल्या. पेट्रोलच्या खर्चात लक्षणीय फरक पडला नाही. वेग घेण्याची ताकद मात्र घटली. याचे कारण सोपे आहे. साध्या चालीत हवेची झडप चालक स्वतःच अर्धीअधिक मिटून ठेवतो. मग तिच्याआधीची वाट रुंद करून काय लाभ? उलट धूळ अधिक आत गेली, तर सिलिंडर झिजतात, आणि गाळणीचे तेल हवा मोजणाऱ्या तप्त तारेवर बसले, तर मोजमाप चुकते.

तिसरा उपाय नळीला जोडलेली पोकळ डबी निरुपयोगी म्हणून काढून टाकण्याचा. तंबोऱ्याचा भोपळा जसा रिकामा असूनही निकामा नसतो, तशीच ही डबी. भोपळा नाद वाढवितो, ही तो शमविते. एकोणिसाव्या शतकातील जर्मन शास्त्रज्ञ हेल्महोल्ट्झ यांनी अभ्यासिलेल्या पोकळीच्या तत्त्वावर ती हवेच्या धक्क्यांतील त्रासदायक स्वर गिळून टाकते. ती काढली की एंजिन गुरगुरू लागते, आणि कानाला ती गुरगुर शक्तीसारखी वाटते.

मग घरच्या घरी काहीच करू नये काय? करण्याजोगे पुष्कळ आहे. एंजिन थंड असताना गाळणीची पेटी उघडून आतील पाने व माती काढावी. गाळणी मळली असल्यास बदलावी आणि तिची रबरी कड नीट बसली आहे, हे पाहावे. नळीच्या घड्यांत बोट फिरवून चिरा शोधाव्या. मोजणीच्या तारेपुढे चीर असेल, तर न मोजलेली हवा आत शिरते आणि उभी मोटार थरथरते. पुष्कळ वेळा एक सैल पट्टा आवळल्याने ही थरथर जाते. झडपेवरील काजळी जाणत्या कारागिराकडून साफ करून घ्यावी. पेटीला उष्णता लागत असेल, तर मध्ये ॲल्युमिनियमचा पत्रा घट्ट बसवावा; पण नळीचे तोंड निर्मात्याने ठेवलेल्या उंचीखाली आणू नये. मोठा फेरबदल करावयाचा असल्यास १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ आधी पाहावे.

मोटार सुरळीत चालण्यास हवा स्वच्छ, थंड आणि मोजून मिळावी लागते. या तिन्हींची सोय मूळ रचनेत बहुधा असतेच. ती ढासळू न देणे ही मालकाची खरी कारागिरी. म्हणून मृगाच्या आधी घराची कौले चाळताना गाळणीची पेटीही उघडून पाहावी. त्यासाठी लागतो तो अर्धा तास, आणि वाचते ते एंजिन.