शेतासाठी सौरपंपाची क्षमता कशी ठरवावी : अध्यक्षीय भाषण

शेतातल्या सौर यंत्रणेची क्षमता तीन गोष्टींवर ठरते: दिवसाला लागणारे पाणी, ते किती उंच चढवायचे ती उचल आणि गरजेच्या महिन्यांत मिळणारे ऊन. जमिनीचे क्षेत्र यांपैकी फक्त पहिल्या गोष्टीचा अंदाज देते. शाहूवाडी तालुक्यातल्या मलकापूरसारख्या डोंगरउताराच्या भागात नुसत्या एकरांवरून काढलेले उत्तर म्हणूनच अपुरे पडते.

शाहूवाडी तालुक्यात पावसाळ्यात धो धो पाऊस कोसळतो, आभाळ कित्येक दिवस उघडत नाही. पण त्या काळात भाताला किंवा नाचणीला पंपाची गरज नसते. ताण येतो तो फेब्रुवारी ते मे या महिन्यांत, आणि तोही मुख्यतः उसाला. त्यामुळे हिशोब जुलैच्या ढगाळ दिवसावर न बेतता एप्रिलच्या उन्हावर बेतावा. तेव्हा एक किलोवॉट पॅनेलपासून दिवसाला सुमारे 4 युनिट वीज मिळते असे धरणे सुरक्षित आहे. पॅनेलची क्षमता 25 अंश तापमानाला मोजलेली असते, तर मे महिन्यात पॅनेल 60 अंशांपर्यंत तापते आणि दहा-बारा टक्के वीज तेवढ्यानेच घटते. धुळीची घट वेगळी.

पहिली पायरी पाण्याची. एका एकरावर एक मिलिमीटर पाणी म्हणजे सुमारे 4,000 लिटर. ऐन उन्हाळ्यात उसाला दिवसाला 6 मिलिमीटर लागतात असे धरले, तर एकरी 24,000 लिटर पाणी मुळाशी पोहोचले पाहिजे. ठिबकने दिल्यास गळती-नासाडी धरून 27,000 लिटर उपसावे लागते. पाटाने दिल्यास निम्मे वाटेत मुरते आणि हाच आकडा 48,000 वर जातो.

दुसरी पायरी उचलीची. उन्हाळ्यातल्या सर्वांत खालच्या पाणीपातळीपासून शेतातल्या उंच टोकापर्यंतची उभी उंची, पाइपमधल्या घर्षणाने वाढणारे काही मीटर आणि ठिबक असेल तर फिल्टर व नळ्यांच्या दाबासाठी सुमारे 15 मीटर, अशी ही बेरीज आहे. पावसाळ्यात भरलेली विहीर पाहून घेतलेले माप इथे चालत नाही. पाइप अरुंद असेल तर घर्षण झपाट्याने वाढते. तेथे पॅनेल वाढवण्यापेक्षा एक माप मोठा पाइप स्वस्त पडतो.

तिसरी पायरी गुणाकाराची. रोजचे घनमीटर गुणिले एकूण मीटर भागिले 367, म्हणजे पाण्याला प्रत्यक्ष लागणारी युनिटे. पंप, मोटर आणि कंट्रोलर मिळून 45 टक्केच वीज पाण्यापर्यंत पोहोचते असे धरून त्यांना 0.45 ने भागावे. आलेल्या आकड्याला 4 ने भागले की पॅनेलचे किलोवॉट मिळतात.

दोन एकर उसाची दोन शेते घेऊ. पहिले नदीकाठचे, 20 मीटर उंचीवर. दुसरे उतारावरचे, 60 मीटरवर. दोन्हीकडे घर्षण 5 मीटर. ठिबकवर पहिल्याला 40 मीटर उचलीने सुमारे 3.3 किलोवॉट लागतात, तर दुसऱ्याला 80 मीटर उचलीने साडेसहा. पाटपाण्यावर हेच आकडे साडेतीन-पावणेचार आणि साडेनऊ होतात. म्हणजे काठावरच्या शेतात ठिबकने पाणी जवळजवळ निम्मे वाचते, पण दाबामुळे वीज फारशी वाचत नाही. उतारावर मात्र ठिबक यंत्रणेचा आकार जवळजवळ एक तृतीयांशाने खाली आणते.

'मागेल त्याला सौर कृषी पंप' या 2024 मध्ये सुरू झालेल्या राज्य योजनेत क्षमता क्षेत्रावर बांधली आहे: अडीच एकरांपर्यंत 3 एचपी, पाच एकरांपर्यंत 5 एचपी आणि त्यापुढे साडेसात एचपी. सर्वसाधारण शेतकऱ्याचा वाटा 10 टक्के, तर अनुसूचित जाती-जमातींसाठी 5 टक्के आहे. 3 एचपी पंपाला साधारण 3 किलोवॉटची पॅनेले येतात. वरच्या दोन्ही शेतांना तोच पंप मिळेल. काठावरच्याचे त्यात जेमतेम भागेल; उतारावरच्याचा ऊस मात्र एका एकराच्या आसपासच भिजेल. त्याने उरलेल्या एकरात कमी पाण्याचे पीक धरावे. उलट काठावरच्या मोठ्या शेताला पात्रतेपेक्षा लहान पंप पुरत असेल, तर तो मागण्याची मुभा योजनेत आहे.

पंप विहिरीच्या आवकेपेक्षा मोठा असूनही उपयोग नाही. उन्हाळ्यात विहीर उपसून ती किती तासांत किती भरते हे मोजावे. आवक थोडी असेल तर लहान पंप दिवसभर चालवून पाणी उंचावरच्या टाकीत किंवा शेततळ्यात साठवावे. पाण्यासाठी बॅटरी घेण्याचे कारण नाही. बॅटरीचा विचार दिवे, कुंपण अशा रात्रीच्या वापरापुरता करावा आणि तिचा हिशोब वेगळा मांडावा.

जागेचा प्रश्न इथे आकाराइतकाच महत्त्वाचा आहे. कोल्हापूर जिल्ह्याने 2019 आणि 2021 चे महापूर पाहिले आहेत. पॅनेल व कंट्रोलर पूररेषेच्या वर असावेत. त्यामुळे वाढणारी केबलची लांबी आणि तिच्यातली वीजघट आधीच धरावी. पॅनेलचे तोंड दक्षिणेला, कल सुमारे 17 अंश आणि सकाळी नऊ ते दुपारी चारपर्यंत झाडाची किंवा डोंगराची सावली नको. पॅनेल, रांगांतली वाट आणि सावलीचे अंतर मिळून किलोवॉटला सुमारे 10 चौरस मीटर जागा लागते.

दिवसा पाणी मिळणे हा या यंत्रणेचा मोठा लाभ आहे. गवे आणि बिबटे यांच्या वावरात रात्री दारे धरायला जाणे किती धोक्याचे, हे पश्चिम शाहूवाडीला सांगायला नको. पण हा लाभ पंप मापात असेल तरच टिकतो. म्हणून या परिषदेने दोन आग्रह धरावेत: योजनेच्या पात्रतेत क्षेत्राबरोबर उचलीचीही नोंद व्हावी, आणि अर्ज करण्यापूर्वी प्रत्येक शेतकऱ्याने एप्रिल-मेमध्ये आपली पाणीपातळी, उंची आणि विहिरीची आवक मोजून लिहून ठेवावी.