आपल्या उन्हाला झेपेल असं कुत्रं

(हिवरा आश्रम येथील उन्हाळी व्याख्यानमालेत एका पशुवैद्यकाने दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



विवेकानंदांच्या नावानं ओळखल्या जाणाऱ्या या गावात व्याख्यानाला उभं राहायचं, तर विषय भारदस्त हवा असं कुणालाही वाटेल. पण आश्रमाचे संस्थापक शुकदास महाराजांनी इथं रुग्णसेवेला अध्यात्माच्या बरोबरीनं मानलं. त्यामुळे मुक्या जिवांच्या दवाखान्यातला विषय तुम्हाला परका वाटणार नाही, या भरवशावर मी कुत्र्यांबद्दल बोलणार आहे.

गाई-म्हशींच्या गर्दीत हल्ली एक प्रश्न हमखास कानावर येतो. ‘डाक्टरसाहेब, लेकरायले खेयाले एखांदं लहानसं कुत्रं सांगा. पन त्याचं लय करा नाई लागलं पाह्यजे.’ विचारणारा कधी शेतकरी असतो, कधी शाळेतले गुरुजी, कधी पुण्याहून माहेरी आलेली लेक. या एवढ्याशा मागणीत तीन अटी आहेत. कुत्रं लहान हवं, त्याचं फारसं करावं लागू नये आणि ते लेकरांना चावू नये. माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. करावं किती लागेल हे कुत्र्याच्या आकारावर ठरत नाही. त्याचं शरीर आपल्या हवेला किती जुळतं आणि घरातलं कोणतं मोठं माणूस त्याची जबाबदारी घेतं, यावर ते ठरतं.

आधी हवेचं पाहू, कारण सगळ्यात जास्त फसगत तिथंच होते. आपल्याला घाम अंगभर येतो, कुत्र्याला तो जवळजवळ फक्त पंजाच्या गाद्यांना येतो. बाकी उष्णता धापा टाकूनच बाहेर काढावी लागते. त्याच्या मुस्कटाच्या आत पातळ हाडांच्या गुंडाळ्या असतात आणि त्यांच्यावर ओलसर पडदा असतो. त्यावरून हवा गेली की ओल उडते आणि आतलं रक्त निवतं. आपल्या कूलरची गवताची ताटी जे काम करते, तेच हे काम. ताटी कापून चार बोटांची केली, तर कूलर कितीही घरघरला तरी खोली गार होणार नाही. पगच्या मुस्कटाचं नेमकं तेच झालेलं आहे.

२००३ साली हच कंपनीच्या जाहिरातीत एक पग एका मुलाच्या मागे मागे फिरला आणि देशभर पगची हौस सुटली. दिसायला गोड, आकारानं लहान, अंगावर आखूड केस. तिन्ही अटी पुऱ्या झाल्यासारख्या वाटतात. पण माणसानं पिढ्यान् पिढ्या निवड करून त्याचं मुस्कट आखूड केलं, आतला मऊ टाळू मात्र त्या मानानं लांबच राहिला. नाकपुड्या चिरेएवढ्या. पग घोरतो म्हणून घरचे हसतात. ते घोरणं म्हणजे अडलेला श्वास असतो. नेदरलँड्सनं २०१९मध्ये मुस्कटाची लांबी डोक्याच्या लांबीच्या एक तृतीयांशाहून कमी असलेल्या कुत्र्यांची पैदास रोखणारे निकष लागू केले. तो देश थंड हवेचा. आपल्याकडे मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो.

अशा दुपारी पग दवाखान्यात येतो तेव्हा काय दिसतं, ते सांगतो. जीभ विटेसारखी लाल, पुढं पुढं जांभळट. लाळेच्या घट्ट तारा लोंबतात. हिरडीला बोट लावलं तर ते चिकटतं. मागचे पाय लटपटतात. कुत्र्याचं ताप नसतानाचं तापमान १०१ ते १०२.५ अंश फॅरनहाइट असतं. ते १०६च्या वर गेलं की आतडी, मूत्रपिंड, मेंदू, सगळ्यांनाच धोका. घरच्यांनी काळजीपोटी त्याला ओल्या टॉवेलात गुंडाळून आणलेलं असतं. तो टॉवेल थोड्याच वेळात गरम होतो आणि उष्णता आतच कोंडतो. उलट पोटावर, जांघेत, पंजांवर साधं गार पाणी ओतत राहायचं आणि समोर पंखा लावायचा. शुद्ध हरपत असेल तर तोंडात पाणी ओतायचं नाही, ते फुप्फुसात जातं. आणि हे करत करतच दवाखाना गाठायचा. आता सांगा, याला कमी देखभालीचं कुत्रं म्हणायचं का?

लांब केसांच्या कुत्र्यांचंही तसंच. शिह त्झू आणि ल्हासा अप्सो ही मूळची तिबेटकडची कुत्री. केस वाढतच जातात. रोज विंचरले नाहीत तर त्यांच्या जटा होतात आणि जटेखाली कातडी कुजते. आपल्या भागात पावसाळा सरला की धुऱ्यावर कुसळीचं गवत वाळतं. ती कुसळं आणि गोखरू या केसांत शिरतात, तिथून बोटांच्या बेचक्यात आणि कानात. कान एका अंगाला कलता ठेवून सारखं डोकं झटकणारं कुत्रं दिसलं, की मी आधी कानात कुसळ शोधतो.

आता आकाराकडे येऊ. लहान कुत्रं लेकरांना सुरक्षित, ही समजूत अर्धीच खरी आहे. फार लहान कुत्र्याला लेकरांपासूनच धोका असतो. दोन-अडीच किलोचा चिहुआहुआ पाच वर्षांच्या पोराच्या हातून निसटला, तर पुढच्या पायाचं हाड मोडायला ओट्याची उंचीही पुरते. आणि सतत उचललं जाणारं, दाबलं जाणारं कुत्रं भितं. भ्यालेलं कुत्रं चावतं, मग ते केवढंही असो.

तरीही ज्यांना लहानच हवं, घर दोन खोल्यांचं आहे, त्यांनी दोन जातींचा विचार करावा. एक, आपण ज्याला सरसकट पॉमेरियन म्हणतो तो इंडियन स्पिट्झ. ‘हम आपके हैं कौन’मधला टफी, १९९४चा, तो स्पिट्झच होता. वजन साधारण पाच ते सात किलो, मुस्कट टोकदार, श्वास मोकळा आणि कैक पिढ्या भारतात वाढल्यामुळे आपल्या हवेत टिकणारा. केस आठवड्यातून दोन-तीनदा विंचरावे लागतात, आणि दारावरून कुणी गेलं की भुंकणार, हे धरून चाला. दुसरा, आखूड केसांचा डॅशहुंड. केसांचं काही करावं लागत नाही. पण पाठ लांब आणि पाय बुटके, त्यामुळे मणक्यातली गादी सरकण्याचं दुखणं या जातीत फार. जिने आणि खाटेवरून उड्या बंद, आणि वजन वाढू द्यायचं नाही.

तिसरी अट, चावू नये. त्यासाठी लोक जात विचारतात. २०२२ साली ‘सायन्स’ नियतकालिकात अठरा हजारांहून अधिक कुत्र्यांची पाहणी प्रसिद्ध झाली. कुत्र्याकुत्र्यांच्या वागण्यातल्या फरकापैकी जेमतेम ९ टक्के भाग जातीवरून सांगता येतो, असं तिच्यातून दिसलं. बाकीचं त्या त्या कुत्र्याचं आणि त्याच्या वाढीचं. पिल्लाच्या आयुष्यातले साधारण तिसऱ्या ते चौदाव्या आठवड्यापर्यंतचे दिवस फार मोलाचे. त्या काळात ज्याला माणसांचे हात, लेकरांचा गलका, मोटारसायकलचा आवाज, मिक्सरची घरघर यांची सवय होते, ते पुढं बिचकत नाही. पण म्हणून ते आईपासून लवकर तोडायचं नाही. चावा किती जोराचा चालतो हे ते आईकडून आणि भावंडांकडूनच शिकतं. आठ आठवड्यांखालचं पिल्लू विकायला २०१७च्या नियमांनी बंदी आहे. फुकट मिळालं तरी तोच हिशेब पाळा.

लहान आकाराची अट सोडली, तर बाकीच्या दोन्ही अटींना उतरणारं कुत्रं आपल्या दारातच आहे, पण त्याला आपण दगड मारतो. गावठी कुत्रं. त्याला पैदास करून घडवलं नाही, या उन्हानं आणि या मातीनं घडवलं. दायमाबादला १९७४ साली सापडलेल्या ताम्रपाषाणकाळच्या रथावर माणसाबरोबर कुत्रंही उभं आहे. इतकी जुनी ही सोबत. मुस्कट लांब, केस आखूड, अंग काटक. ते काही लहान नव्हे. पंधरा-वीस किलोपर्यंत भरतं, मादी थोडी हलकी. पण मघाशी म्हटलं तसं, लेकरांच्या घरात जरा दणकट कुत्रंच बरं. वस्तीवर राहणाऱ्यांना तर रोही आणि रानडुकरांची चाहूल लागायला दुसरं कोण हवं?

त्यातही मादी घ्या. मादी पिल्लं गोणीत घालून गावाबाहेर सोडली जातात, कारण पिल्लांची ब्याद नको. तिची नसबंदी करून घेतली की तो प्रश्न एकदाच मिटतो. गर्भाशयात पू होण्याचं आणि स्तनांच्या गाठींचं भयही कमी होतं.

पिल्लू निवडताना पाच गोष्टी बघा. हिरड्या गुलाबी हव्यात. पांढरट असतील तर रक्त कमी आहे. पोट नगाऱ्यासारखं फुगलेलं नको, ते जंतांचं लक्षण. कानात आणि बोटांच्या बेचक्यात गोचीड शोधा. पाठीमागून टाळी वाजवा. दचकून पळालं तरी पुन्हा हुंगायला आलं पाहिजे. आणि जमलं तर त्याची आई बघा. आई माणसाला जवळ येऊ देत असेल, तर निम्मं काम झालं.

आता, कुठल्याही कुत्र्याचं जे करावंच लागतं ते सांगतो, कारण त्यात काटकसर चालत नाही. सहा ते आठ आठवड्यांपासून पार्व्हो आणि डिस्टेंपरची लस, चार महिन्यांचं होईपर्यंत तीन-चार आठवड्यांनी पुन्हा. लहानपणी दर पंधरवड्याला जंताचं औषध. तीन महिन्यांनंतर रेबीजची लस आणि मग दरवर्षी. गोचिडांवर औषध, कारण त्यांच्यातून येणारा ताप रक्त आटवतो. नुसती ज्वारीची भाकरी पुरत नाही. सोबत अंडं, वरण, दही असं काही हवं. पण कांदा कुठल्याच रूपात नको, त्यानं कुत्र्याच्या तांबड्या पेशी फुटतात. मनुका आणि चॉकलेटही नको. विवेकानंद जयंतीच्या महाप्रसादाची पुरी आणि वांग्याची भाजी ट्रॅक्टरच्या ट्रॉल्यांतून लाखोंना वाढली जाते, तेव्हा लेकरं प्रेमानं कुत्र्यालाही पुरी घालतात. तेलकटानं लहान कुत्र्याच्या स्वादुपिंडाला सूज येते. प्रसाद लेकरांनी खावा.

रेबीजबद्दल सावकाश सांगतो. जगात रेबीजची शंका असलेल्या प्राण्यांच्या चाव्यांपैकी सुमारे ४० टक्के चावे पंधरा वर्षांखालच्या मुलांना होतात. १८८५ साली पाश्चर यांनी लस टोचलेला जोसेफ मायस्टर नऊ वर्षांचाच होता. लक्षणं दिसल्यावर या रोगातून वाचणं जवळजवळ अशक्य. त्याआधी लस घेतली तर तो टळतो. कुत्रं चावलं, ओरखडलं, तर वाहत्या पाण्याखाली साबणानं पंधरा मिनिटं जखम धुवा. घड्याळ लावून पंधरा. तिखट, हळद, चुना, काही लावू नका. त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात लस सुरू करा, रक्त आलं असेल तर सीरमचं विचारा, आणि सगळे डोस पुरे करा. रागे भरतील म्हणून लेकरं चावा लपवतात. त्यांना आजच सांगून ठेवा की या एका गोष्टीवर कुणी रागावणार नाही.

विद्यार्थी मित्रांनो, तुमच्यासाठी चार नियम. जेवणाऱ्या, झोपलेल्या आणि पिल्लांजवळच्या कुत्र्याला हात लावायचा नाही. अंगावर वाकून डोक्यावर थापटायचं नाही. बाजूला उभं राहून हात हुंगू द्यायचा, मग छातीवर खाजवायचं. शेपूट हलते म्हणजे खूश आहे असं नाही. अंग ताठ, कान मागे, डोळ्यांची पांढरी कड दिसली की मागे सरायचं. आणि अनोळखी कुत्रं धावून आलं तर पळायचं नाही, हात अंगाशी घेऊन खांबासारखं उभं राहायचं. आईवडिलांना एवढंच, की सहा वर्षांखालचं मूल आणि कुत्रं यांना मिनिटभरही एकटं ठेवू नका, कुत्रं कितीही गरीब असलं तरी.

आज घरी गेल्यावर सगळ्यांनी मिळून तीन प्रश्नांची उत्तरं काढा. लसीला कोण नेणार? मे महिन्यात दुपारी सावली आणि पाणी कोण बघणार? लग्नाला चार दिवस गावाला गेलो तर त्याला कोण सांभाळणार? तिन्ही उत्तरांत मोठ्या माणसाचं नाव आलं, तर खुशाल कुत्रं आणा. ‘लेकरंच करतील सगळं’ असं उत्तर आलं, तर लेकरं थोडी मोठी होऊ द्या. तोवर दाराशी येणाऱ्या कुत्र्यासाठी पाण्याची कुंडी ठेवा आणि ती रोज भरायचं काम लेकराकडे द्या. वर्षभर न सांगता कुंडी भरली गेली, तर मला विचारायला या. पिल्लू मी शोधून देईन.