पर्याय आणि त्याचा अधिकार

ठरलेली वस्तू मिळत नाही आणि काम तर थांबवता येत नाही, अशा वेळी तिच्या जागी दुसरी घ्यावी लागते. धर्मशास्त्रात तिला प्रतिनिधी म्हणतात, वैद्यकात अभावद्रव्य, व्याकरणात आदेश, गिरणीत बदली. क्षेत्र कोणतेही असो, दोन गोष्टी ठरवाव्या लागतात: पर्यायात मूळचे काय उतरले पाहिजे, आणि मूळच्या जागेवर त्याला कुठवर अधिकार द्यायचा. पहिलीची चर्चा खूप होते. दुसरी गोष्ट मोघम राहते, आणि घोटाळे तिथेच होतात.

या दोन्हींचा बारकाईने विचार यज्ञविधींचा अर्थ लावणाऱ्या पूर्वमीमांसेने केला. जैमिनीय सूत्रांच्या सहाव्या अध्यायातील तिसऱ्या पादात तो सापडतो. यज्ञात अर्पण करायचा रोट (पुरोडाश) व्रीहींचा, म्हणजे भाताचा, करायचा असताना व्रीही मिळाले नाहीत, तर नीवार हे रानभात घ्यावे. सोम नसेल तर पूतीका. कसोटी मूळ द्रव्याशी असलेल्या साम्याची. पण माष, वरक, कोद्रव ही यज्ञाला निषिद्ध धान्ये कितीही जवळची वाटली तरी चालत नाहीत. देवता, अग्नी आणि मंत्र यांना तर प्रतिनिधीच नाही. सर्वांत मार्मिक नियम पुढचा आहे. नीवारही हाताशी राहिले नाहीत, तर नीवारांसारखे काही शोधायचे नाही. शोध पुन्हा व्रीहींसारख्याचाच. पर्यायाचा पर्याय, मग त्याचाही पर्याय, असे होत गेले तर चौथ्या पायरीवर मूळ वस्तूची खूणही उरणार नाही, हे त्या शास्त्रकारांनी ओळखले होते.

पाणिनीने हीच शिस्त शब्दांना लावली. ‘अस्’च्या जागी ‘भू’ येतो, ‘ब्रू’च्या जागी ‘वच्’. आलेल्या आदेशाला मूळ धातूचे सगळे हक्क मिळतात. फक्त मूळच्या एखाद्या वर्णावर अवलंबून असलेले कार्य त्याला लागू होत नाही. क्रिकेटचा नियमही याच वळणाचा आहे. बदली खेळाडू क्षेत्ररक्षण करतो, झेल घेतो, पण त्याला फलंदाजी किंवा गोलंदाजी करता येत नाही. आंतरराष्ट्रीय क्रिकेटमध्ये डोक्याला मार लागलेल्या खेळाडूच्या बदलीपुरता अपवाद २०१९ मध्ये झाला.

वैद्यकात साम्य रूपाचे नसून गुणांचे पाहतात. सोळाव्या शतकातील वैद्य भावमिश्राने अष्टवर्ग या औषधी गटातील दुर्मीळ वनस्पतींना पर्याय नोंदवले: मेदा-महामेदेला शतावरी, जीवक-ऋषभकाला विदारीकंद, काकोली-क्षीरकाकोलीला अश्वगंधा, ऋद्धी-वृद्धीला वाराहीकंद. मात्र औषधातील प्रधान द्रव्य बदलू नये, असे त्याने बजावले. ही अट यादीइतकीच महत्त्वाची आहे.

तुपाच्या बाबतीत मर्यादा आखण्याचे काम कायद्याला करावे लागले. तेलात हायड्रोजन मिसळून ते थिजवलेले वनस्पती तूप ‘डालडा’ या नावाने १९३७ साली भारतीय बाजारात आले. स्वस्त, टिकाऊ आणि साजूक तुपासारखेच दाणेदार. त्यामुळे भेसळ करणाऱ्यांची सोय झाली. म्हणून त्यात किमान ५ टक्के तिळाचे तेल घालण्याची सक्ती झाली. संशयास्पद तूप वितळवून परीक्षानळीत घ्यायचे, त्यात तीव्र हायड्रोक्लोरिक आम्ल आणि फरफ्युरालचे थेंब टाकून हलवायचे. तिळाचे तेल असेल तर आम्लाच्या थराला लालसर रंग येतो आणि भेसळ उघडी पडते. पर्यायाच्या अंगातच त्याची ओळख मुरवून ठेवणारी ही तरतूद खरोखर शहाणपणाची होती. शरीराच्या बाबतीत एवढी सावधगिरी बाळगली गेली नाही. अर्धवट हायड्रोजनीकरणात तयार होणाऱ्या ट्रान्स फॅटने हृदयविकाराचा धोका वाढतो, हे कळायला दशके गेली. तेले आणि स्निग्ध पदार्थांत त्याची मर्यादा २ टक्क्यांवर आली ती २०२२ मध्ये.

माणसाच्या जागी माणूस येतो तेव्हा प्रश्न जास्त बिकट होतो. मीमांसेत एरवी यजमानाला प्रतिनिधी नाही. अनेकांनी मिळून करायच्या सत्र नावाच्या यज्ञाला मात्र किमान १७ यजमान लागतात, आणि त्यांतला एखादा मध्येच दगावला तर संख्या भरून काढण्यासाठी दुसरा घेता येतो. त्याने यजमानाचे सगळे नियम पाळायचे. फळावर हक्क मात्र नाही.

मुंबईच्या गिरण्यांतला बदली कामगार जवळपास याच स्थितीत होता. पाळीच्या वेळी दारावर हजर राहायचे, कुणाचा खाडा असेल तर त्याच्या साच्यावर उभे राहायचे, नसेल तर रिकाम्या हाती परतायचे. भरती जॉबरच्या, म्हणजे मुकादमाच्या, मर्जीवर चाले आणि त्याचे हात ओले करावे लागत. याला आळा घालण्यासाठी मालकांच्या संघटनेने १९३५ मध्ये बदली कामगारांना कार्डे देण्याची पद्धत आणली. कार्डाने नाव नोंदले गेले, नोकरी पक्की झाली नाही. कित्येक जण वर्षानुवर्षे बदलीच राहिले. मूळ मिळाले की पर्यायाने बाजूला व्हावे, हे धान्यापुरते ठीक आहे. ज्याच्या मागे कुटुंब आहे त्याला तोच न्याय लावणे अन्यायाचे होते. १८ जानेवारी १९८२ रोजी कामगार नेते डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुरू झालेल्या गिरणी संपात पगारवाढीबरोबर बदली कामगारांना कायम करण्याचीही मागणी होती. ती पदरात पडली नाही. पुढे एकेक गिरणी बंद पडत गेली आणि कायम कामगारांबरोबर बदलीवाल्यांचेही काम गेले.