रात्री दीड वाजता कुणाचं दार?



मी मॅट्रिक. गोदीत माल ओढतो, उरल्या रात्री कविता लिहितो. गेल्या पावसाळ्यात चाळीतली एक ताई नवऱ्याचा मार खाऊन, पोर कडेवर घेऊन रात्री दीडला दारात उभी राहिली. आम्ही चौघे जयंतीला गल्ली दणाणून सोडणारे. पण चौकीपलीकडे एकालाही काही ठाऊक नव्हतं. चौकीत म्हणाले, घरचं भांडण आहे. निवाऱ्यावर दरवानाने आधी आधारकार्ड मागितलं, मग आडनाव विचारलं. ताई फलाटावर झोपली. माझी कविता तिच्या काय कामाची?

म्हणून आज कविता नाही, आकडे. पाठ करा. पोलीस : ११२. बाईवर संकट : १८१. पोरासाठी : १०९८. जातीचा अत्याचार : १४५६६. जीव द्यावासा वाटला : १४४१६. फुकट वकील : १५१००, १९८७ च्या कायद्याने आपल्याला तो कमाई न विचारता मिळतो. २०१५ पासून सखी केंद्रं आहेत : पोलीस, डॉक्टर, वकिलाची मदत एका छपराखाली, वर पाच दिवस आसरा.

ही भीक नव्हे. २०१० साली सुप्रीम कोर्टाने मोठ्या शहरांना बजावलं : लाख माणसांमागे एक निवारा, चोवीस तास उघडा. २०११ च्या शिरगणतीत मुंबई सव्वा कोटीच्या आसपास. म्हणजे सव्वाशे निवारे हवेत. रविवारी आपापल्या वॉर्डात जा, मोजा. दार उघडं आहे का, बाईला जागा आहे का, आडनाव विचारतात का, लिहून आणा. गेरूने भिंतीवर रंगवू.

पुढची ताई दारात आली, तर आपण मुके सापडता कामा नये.