बारामतीकराचा न दिसणारा किरण



कुमार पटेल बारामतीचे. जन्म १९३८ चा. पुण्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजातून १९५८ मध्ये पदवी घेऊन ते अमेरिकेला गेले आणि १९६४ मध्ये, अवघ्या पंचविशी-सव्विशीत, बेल लॅबोरेटरीजमध्ये त्यांनी कार्बन डायऑक्साइडचा लेसर तयार केला. त्याचा किरण अवरक्त, तरंगलांबी १०.६ मायक्रॉन. डोळ्यांना काहीच दिसत नाही. म्हणून प्रयोगशाळेत समोर भट्टीची वीट धरतात. विटेवर लालबुंद ठिपका उमटला, की समजायचं किरण इथे आहे.

हा किरण उघड्या हवेतून किती लांब जाईल?

८ ते १४ मायक्रॉनच्या पट्ट्यात हवा बरीच पारदर्शक असते. तरी दमट हवेतली वाफ आपला वाटा घेतेच. शिवाय ज्या वायूतून किरण निघाला, तोच वायू हवेतही असतो आणि तोही थोडा घास घेतो. घरचा भेदी म्हणा ना!

बेल लॅबोरेटरीजच्याच चू आणि हॉग यांनी १९६८ मध्ये आपली मोजमापं प्रसिद्ध केली. सुमारे अडीच किलोमीटरच्या वाटेवर एका टोकाला लेसर, दुसऱ्या टोकाला प्रकाश टिपणारं यंत्र. निरभ्र दिवशी जितका प्रकाश पोचतो तो धरायचा पूर्ण, आणि मग धुकं, पाऊस, बर्फ यांत किती घटतो ते पाहायचं. विरळ धुक्यात १०.६ मायक्रॉनचा किरण दृश्य प्रकाशापेक्षा सरस ठरला, कारण तिथले जलकण त्याच्या तरंगलांबीहून बारीक असतात. पावसाचा थेंब मिलिमीटरभर. त्याच्यापुढे ही सवलत संपते. टेलिफोनची संभाषणं पुढे उघड्या हवेतल्या किरणाऐवजी काचेच्या तंतूंतून गेली, ती उगाच नाही.

हवेतले वायू किरण शोषतात, हा तोटाच पटेलांनी मात्र कामाला लावला. किरण शोषला की वायू किंचित तापतो, फुगतो. किरण चालू-बंद करत राहिलं, तर त्याचा आवाज होतो आणि वायू भरलेल्या नळीतल्या मायक्रोफोनला तो ऐकू येतो. १९ ऑक्टोबर १९७३ रोजी अशी नळी आणि तरंगलांबी बदलता येणारा वेगळा अवरक्त लेसर बलूनमधून २८ किलोमीटर उंचीवर गेला. शोध होता ओझोनला खाणाऱ्या नायट्रिक ऑक्साइडचा. सूर्योदयापूर्वी यंत्राला तो सापडलाच नाही. ऊन पडलं तसा तो दिसू लागला आणि दुपारपर्यंत वाढत गेला.