घरातला अर्धा तास

(संघाच्या वार्षिक संमेलनात बोळिंज येथे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



‘संमेलनात काहीतरी बोला’ असा निरोप चिटणीसांनी धाडला, तेव्हा शिक्षण, विवाहखर्च, ज्ञातीचे संघटन असे भारदस्त विषय माझ्यापुढे उभे राहिले. त्या विषयांवर अधिकाराने बोलणारी मंडळी आपल्यात पुष्कळ आहेत. मी आयुष्यभर मुंबईच्या एका कचेरीत जमाखर्च लिहिला. तेव्हा मी आज घराविषयीच बोलणार आहे. रात्रीची जेवणे आटोपल्यावर घरात काय चालते, कोणाला कसला छंद आहे, आणि तो छंद पुरा करण्यास त्याला वेळ कोण देतो, एवढाच माझा विषय. तो किरकोळ वाटेल. परंतु जमाखर्च लिहिणाऱ्याला मोठ्या रकमांपेक्षा किरकोळ रकमांचीच अधिक धास्ती असते, हे आपणांस ठाऊक आहे.

ज्यांनी पन्नास वर्षांपूर्वीचे बोळिंज पाहिले आहे, त्यांना वाड्या आठवत असतील. केळी, पानवेली, मोगरा, तगर, चाफा, आणि विहिरीवरच्या रहाटाचा तो संथ आवाज. त्या वेळी ‘छंद’ हा शब्द आपल्या घरांत कोणी फारसा उच्चारीत नसे. वडील मंडळी एखाद्या वेलीजवळ कामापेक्षा अंमळ अधिक वेळ रेंगाळत, तोच त्यांचा छंद. आज त्याच शिवारात म्हाडाच्या उंच इमारती उभ्या आहेत, 2009 पासून आपण महानगरपालिकेचे नागरिक आहोत आणि 2014 पासून पालघर जिल्ह्याचे. जुन्या दिवसांचे गोडवे गाण्याचा मोह मलाही होतो. पण पहाटे उठून पाणी भरणाऱ्या, फुले खुडून गाडीच्या वेळेआधी टोपल्या तयार करणाऱ्या आमच्या आईला रेंगाळण्यास वेळ होता काय, असे मी स्वतःला विचारतो, तेव्हा ते गोडवे घशातच राहतात.

मुंबईचा आणि आपला संबंध आगगाडीने जोडला. 1867 च्या एप्रिलमध्ये विरारहून मुंबईस पहिली लोकल गाडी निघाली. 1936 मध्ये विरारपर्यंत विजेची गाडी आली. मी त्या गाडीत चौतीस वर्षे काढली. आमच्या डब्यात भजनी मंडळ होते. टाळ होते, डब्याच्या पत्र्यावर ठेका धरणारे कुशल हात होते, आणि अभंग उचलण्याचे काम बहुधा माझ्याकडे असे. पलीकडच्या बाकावर पत्त्यांचा डाव रंगे. चर्चगेट केव्हा आले, ते कळत नसे. हाच माझा छंद, आणि तो फुकटचा आहे, अशी माझी समजूत होती.

त्याच गाडीत बायकांचा डबा असे. 1992 मध्ये चर्चगेट-बोरिवली अशी बायकांची स्वतंत्र गाडी सुरू झाली आणि पुढच्या वर्षी ती विरारपर्यंत आली. त्या डब्यांतही गाणी होतात, वाढदिवस होतात, हे मी नाकारीत नाही. परंतु परतीच्या प्रवासात मांडीवर वर्तमानपत्र पसरून मटार सोलणाऱ्या, मेथी निवडणाऱ्या, गवार मोडणाऱ्या भगिनी कोणी पाहिल्या नाहीत? एकच गाडी, एकच वेळ, एकाच कचेरीतून सुटलेली दमलेली माणसे. एका डब्यात अभंग चालला आहे आणि दुसऱ्यात रात्रीच्या भाजीची तयारी. ही भाजी कोणासाठी निवडली जात होती? अभंग म्हणणाऱ्यांसाठीच.

हे मला निवृत्तीनंतर उमगले, आणि तेही आपोआप नव्हे. एके दिवशी माळ्यावरचे सामान काढताना पत्र्याच्या पेटीत एक वही मिळाली. अक्षर आमच्या सौभाग्यवतींचे. लग्नात हळदीला, मांडवाला आपल्याकडे म्हाताऱ्या बायका जे धवळे म्हणतात, त्यांतले अकरा धवळे त्यात उतरवून घेतलेले होते. बाराव्याच्या दोनच ओळी होत्या, पुढे कोरी पाने. त्या पानावरची तारीख आमच्या थोरल्या मुलीच्या जन्माच्या दोन महिने आधीची होती. मी विचारले, ‘पुढे का लिहिले नाही?’ त्या म्हणाल्या, ‘मावशीकडे बसून लिहायचे होते. वेळ कुठे मिळाला?’ त्यांच्या स्वरात तक्रार नव्हती. मावशी वारून वीस वर्षे झाली होती. तिला सबंध रात्र पुरतील एवढे धवळे पाठ होते. ते तिच्याबरोबर गेले.

मंडळी, मी जमाखर्च लिहिणारा माणूस. मी हिशेब मांडला. रोजचा अर्धा तास धरला, तरी चौतीस वर्षांत सहा हजारांहून अधिक तास होतात. माझे तास अभंगांत गेले, आणि ते वाया गेले असे मी म्हणणार नाही. पण त्यांचे तास कोणत्या खात्यात गेले? माझ्या छंदाचा खर्च त्यांच्या खात्यावर पडत होता, आणि तो मी कधी लिहिलाच नव्हता.

या बाबतीत मला रमाबाई रानड्यांची आठवण होते. 1873 मध्ये त्या लग्न होऊन घरी आल्या, तेव्हा त्यांना अक्षरओळख नव्हती. न्यायमूर्तींनी त्यांना स्वतः शिकविण्यास आरंभ केला. घरातल्या वडीलधाऱ्या बायकांचे टोमणे त्यांनी किती सोसले, ते त्यांच्या 1910 साली प्रसिद्ध झालेल्या आठवणींत आहे. पुस्तक वाचून आपण न्यायमूर्तींच्या मोठेपणाचे कौतुक करतो, ते योग्यच आहे. मला त्यात आणखी एक गोष्ट दिसते. कामाचा डोंगर असलेल्या त्या पुरुषाने रात्रीची आपली वेळ बाजूला काढली होती. उत्तेजन देणे सोपे असते. ‘तू शीक’ म्हणण्यास पैसा पडत नाही. वेळ काढून देणे निराळे.

तेव्हा आमच्या घरी आम्ही एक व्यवस्था केली. रात्री नऊ ते साडेनऊ स्वयंपाकघर माझ्याकडे आणि चिरंजीवांकडे. भांडी, ओटा, उरलेसुरले झाकणे, सकाळचे दूध-दही पाहणे, सर्व. त्या वेळात सौभाग्यवती वही घेऊन बसतात आणि सूनबाई त्यांच्या चित्रकलेला. पहिले आठ दिवस आम्ही दर पाच मिनिटांनी ‘अमुक डबा कुठे आहे?’ म्हणून विचारीत होतो, त्यामुळे तो अर्धा तास त्यांना लाभला नाहीच. शेवटी सूनबाईंनी डब्यांवर चिठ्ठ्या चिकटवल्या. पहिल्या महिन्यात माझ्या हातून दोन बशा फुटल्या, त्यांची नोंद आहे.

तरुण मंडळी म्हणतील, आजच्या घरात अर्धा तास सर्वांनाच असतो, तो मोबाईलमध्ये जातो. खरे आहे, माझाही जातो. पण बारकाईने पाहा. मोबाईल हाती असतानाही ‘पाणी आण’, ‘कुकर बंद कर’ ही हाक कोणाला येते? जिला हाक येत नाही अशी जागा घरात मिळाली, तरच छंद धरता येतो. एका भगिनीने मला विचारले, ‘अहो, पण मला छंदच नाही, मी त्या अर्ध्या तासात काय करू?’ मी म्हटले, काही करू नका, बसून राहा. इतक्या वर्षांनंतर आवड आठवण्यासही थोडे दिवस लागतात.

आता माझ्याविषयी. भजन सुटले, तेव्हा मी स्वतःसाठी एक लहानसे उद्दिष्ट ठरविले: आपल्याकडची सुकेळी स्वतःच्या हाताने करायची, वर्षाला एकच खेप, दोन डझन राजेळी केळी, अधिक नाही. आईच्या हातची सुकेळी मी पुष्कळ खाल्ली, पण ती होताना कधी नीट पाहिली नव्हती. पहिल्या वर्षी घाईने अर्धीकच्ची केळी सोलली. ती चामड्यासारखी झाली. दुसऱ्या वर्षी संध्याकाळी उचलून झाकून ठेवण्याचा एक दिवस चुकला आणि दवाने बुरशी धरली. तेव्हा मला कळले की आई ऊन उतरताच हातातले काम टाकून अंगणात का धावत असे. तिसऱ्या वर्षी केळी पेंढ्यात पूर्ण पिकू दिली, सोलली, गच्चीवर उन्हात मांडली, रोज उलटली, रोज संध्याकाळी आत घेतली. आठवडाभराने त्यांचा रंग मधासारखा झाला आणि वास थेट लहानपणीचा आला. वाळलेल्या केळीच्या पानात बांधण्याची गाठ मात्र मला अद्याप साधत नाही. ती चुलत वहिनींनी बांधून दिली.

मी दोनच डझन का म्हणतो, तेही सांगतो. आपल्याकडे कोणी काही शिकू म्हटले की लगेच त्याचा धंदा, वर्ग, स्पर्धा करण्याची सूचना येते. धंदा जरूर करावा. तो निराळा विषय आहे. पण घरातला छंद घरात मावेल एवढाच असावा, म्हणजे तो दुसऱ्याच्या पाठीवर बसत नाही. पुण्याचे दिनकर केळकर दिवे, अडकित्ते, वज्र्या, फण्या अशा रोजच्या वापरातल्या वस्तू जमवू लागले, ते चष्म्याचे दुकान सांभाळून. त्याचे पुढे संग्रहालय झाले आणि 1975 साली त्यांनी ते राज्यशासनाच्या स्वाधीन केले. आरंभी मात्र ती एका दुकानदाराची आवडच होती, आणि त्या आवडीत त्यांच्या पत्नी कमलाबाईंची साथ होती.

आता वहीची हकीकत सांगून मी थांबतो. अकराचे एकोणीस धवळे झाले आहेत. वसईपासून केळवे-माहीमपर्यंतच्या सोयऱ्यांकडे जाऊन, काही वेळा दूरध्वनीवर ऐकून, ते लिहून घेतले. बाराव्या धवळ्याच्या मात्र अजून त्याच दोन ओळी आहेत. मांडवाच्या दिवशी म्हणण्याचा तो धवळा आहे. आज सभागृहात ज्या वयोवृद्ध भगिनी बसल्या आहेत, त्यांपैकी कोणास तो येत असेल, तर जेवणाच्या वेळी कृपा करून डावीकडच्या खांबाजवळ यावे. आमच्या सौभाग्यवती वही घेऊन तेथे बसल्या आहेत. त्यांच्या पंक्तीचे वाढप आज मी करणार आहे.